आयव्हीए म्हणजे एमओटी नव्हे

ब्रिटनमध्ये किट कार (सुट्या भागांच्या संचातून घरी जोडलेली मोटार) बांधण्याचा छंद जुना आहे. १९५७ सालची लोटस सेव्हन अशीही विकली जाई. आज अशी गाडी रस्त्यावर आणायची तर आधी आयव्हीए (एकेका वाहनाची मान्यता-तपासणी) पार करावी लागते. बरेच जण तिला एमओटीसारखीच (वापरातल्या गाड्यांची वार्षिक तपासणी) समजतात, आणि ते स्वाभाविक आहे, कारण दोन्हींत ब्रेक आणि दिवे तपासतात. पण एमओटी वापरातल्या गाडीची झीज पाहते, तर आयव्हीए मूळ बांधणी पाहते. एक जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, तर दुसरे नव्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र.

म्हणूनच उत्तम चालणारी गाडीही नापास होते. बाहेरच्या कडांचेच घ्या. १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा फिरवला तर तो जिथे टेकेल, तिथली कड साधारणपणे किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई असलेली हवी. धडकेत पादचाऱ्याला ती कापू नये, हा हेतू. बोल्टची उघडी टोके, आरशांचे दांडे, पत्र्याच्या कडा यांवर हौशी माणसाने सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे मला मनापासून वाटते. इंजिनावर तो एरवीही देतोच.

तपासणीची नियमपुस्तिका सर्वांना मोफत उपलब्ध आहे. पहिला बोल्ट आवळण्याआधीच ती वाचावी. तपासणीची वेळ ठरलेली असेल आणि विमा काढलेला असेल, तर नोंदणीआधीही गाडी केंद्रापर्यंत चालवत नेता येते.