घरच्या घरीं टू-स्ट्रोक इंजिन जुळवितांना

यंत्र बिघडलें म्हणजे तें कारागिराच्या स्वाधीन करावें व मजुरी देऊन परत आणावें, हा लोकांचा नेहमींचा रिवाज आहे. तो गैर आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि ज्या यंत्राच्या भरंवशावर आपण रोज रस्त्यानें जातों, त्याच्या पोटांत काय चालतें हें विद्यार्थ्यानें एकदां तरी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें, असें आम्हांस वाटतें. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आमच्या वडिलांची जुनी चेतक स्कूटर आम्हीं अंगणांत उघडली. त्या कामांत आमच्या हातून एक चूक झाली. त्या चुकीनें जें शिकविलें, तेंच वाचकांपुढें ठेवीत आहों.

पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीनें १९७२ सालीं चेतक बाजारांत आणली. इटलींतील व्हेस्पा ही तिची मूळ जात; नांव मात्र राणा प्रतापांच्या घोड्याचें. पुढें टू-स्ट्रोक इंजिन जाऊन फोर-स्ट्रोक आलें, आणि अखेर पेट्रोलवर चालणाऱ्या चेतकचें उत्पादनच थांबलें. तरी आमच्यासारख्यांच्या घरीं तिचीं जुनीं टू-स्ट्रोक इंजिनें अजून जपून ठेविलेलीं आढळतात.

या इंजिनाच्या नळकांड्याचा व्यास ५७ मिलिमीटर व दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धावही ५७ मिलिमीटर. विद्यार्थ्यांनीं गणित करून पाहावें. उत्तर सुमारें १४५ घन सेंटिमीटर येईल. फोर-स्ट्रोक इंजिनांत दोन फेऱ्यांमागें एक स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्यें प्रत्येक फेरीस एक. मिनिटास ३००० फेऱ्या धरल्या, तर सेकंदास ५० स्फोट झाले! हें साधतें कसें? पिस्टनच्या खालीं जी बंद पेटी असते, ती लोहाराच्या भात्याप्रमाणें काम करते. पिस्टन वर गेला कीं पेटींत पोकळी होऊन कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल व तेल यांचें मिश्रण आंत ओढलें जातें. पिस्टन खालीं आला कीं तेंच मिश्रण दाबलें जाऊन बाजूच्या वाटांनीं वर चढतें व जळलेल्या धुरास बाहेर लोटतें. भात्यांतून मिश्रणाची अशी ये-जा चालते, म्हणून तेथें वंगणाचें तेल निराळें साठवितां येत नाहीं. तें पेट्रोलांतच मिसळावें लागतें. चेतकला एका लिटरास २० मिलिलिटर तेल पुरतें.

आमची गाडी चढावर दम टाकीत असे. हेड व ब्लॉक काढल्यावर आंत काजळीचा जाड थर दिसला. तो आम्हीं बांबूच्या चिपेनें खरवडला. पोलादी हत्यारानें ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात. रिंग नळकांड्यांत सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधील फट फिलर गेजनें मोजली, ती फार वाढलेली होती. तेव्हां ब्लॉक लेथवाल्याकडे बोअर करून घेतला आणि त्या मापाचा मोठा पिस्टन व नव्या रिंगा आणल्या. पिस्टनच्या खांचेंत बारीक खुंटी असते. रिंगेचीं टोकें तिच्या दोहों बाजूंस आलींच पाहिजेत. तसें न झाल्यास रिंग फिरून तिचें टोक नळकांड्याच्या खिडकींत अडकतें व मोडतें. पिस्टन-पिनेचें लॉक नेहमी नवें घालावें, आणि तें बसवितांना खालच्या पेटीच्या तोंडावर स्वच्छ फडकें कोंबावें, म्हणजे निसटलेलें लॉक आंत पडत नाहीं.

इंजिन पहिल्याच किकला सुरू झालें. आम्हांस धन्यता वाटली! मात्र रेस सोडली तरी आवाज चढलेलाच राही. कार्बोरेटरचा दोष समजून आम्हीं मिश्रणाचा स्क्रू फिरवीत गेलों, आणि आवाज खालीं येतांच काम झालें असें ठरविलें. दुसऱ्या दिवशीं आमचे धाकटे बंधू गाडी घेऊन तालुक्याच्या गांवीं निघाले. दहा-बारा किलोमीटरांवर पिस्टन नळकांड्यांत एकाएकीं जाम झाला व मागचें चाक आवळलें गेलें. मागून ट्रक येत होता. बंधूंनीं तत्काळ क्लच दाबला, म्हणून गाडी घसरत कडेला गेली व गुडघा खरचटण्यावर निभावलें.

पुन्हां उघडून पाहतों तों प्लग पांढरा फटक व पिस्टनच्या अंगावर ओरखडे. कारण होतें मॅग्नेटच्या बाजूचें ऑइल सील. त्याचें रबर वयोमानानें कडक झालें होतें. मॅग्नेट काढण्यास पुलर लागतो, तेवढा खटाटोप आम्हीं टाळला होता. भात्यास छिद्र राहिलें. त्यांतून फाजील हवा शिरली. मिश्रण पातळ झालें. पेट्रोल कमी म्हणजे त्यांतील तेलही कमी, आणि उष्णता मात्र अधिक! तो स्क्रू तर केवळ मंद चालीचें मिश्रण ठरवितो. गाडी वेगांत असतां त्याचा उपयोग नाहीं. आम्हीं रोग बरा केला नव्हता. रोग्याची ओरड तेवढी बंद केली होती.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम सीलें, पॅकिंग व कार्बोरेटरचा सांधा पाहावा. क्लचच्या बाजूचें सील गेलें असल्यास गिअरचें तेल घटतें व दाट पांढरा धूर येतो. मग ठिणगी, प्लगची फट सुमारें ०.६ मिलिमीटर ठेवावी. मिश्रण सर्वांत शेवटीं, आणि तेंही इंजिन तापल्यावर, एका वेळीं एकच स्क्रू पाव फेरा फिरवून. प्लगचा रंग चहासारखा आला तर ठीक. पांढरा आल्यास मिश्रण पातळ, काळा व ओला आल्यास दाट. हें काम उघड्यावर, चुलीपासून दूर व वडील मंडळींच्या देखत करावें. नव्या पिस्टनवर पहिले ५०० किलोमीटर गाडी सावकाश हांकावी.

पिस्टन व दोन्हीं सीलें नवीं घालून इंजिन दुसऱ्यांदां जुळविलें, तेव्हां रेस सोडतांच आवाज आपोआप खालीं आला. स्क्रूस हात लावावा लागला नाहीं. बंधू किल्ली मागूं लागले. पण तालुक्याची ती पहिली खेप आम्हीं स्वतःच केली.