जास्त ताकदीच्या गाडीला फ्युएल पंप कोणता?

मागच्या व्याख्यानात आपण टर्बोचार्जर पाहिला. तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, 'सर, टर्बो मोठा केला, ट्यूनिंग केलं, पण फ्युएल पंपाचं काय?' आज तेवढाच विषय घेऊ. पंप म्हटलं की आपल्याला रस्त्याकडेचा पेट्रोल पंप आठवतो. आज बोलायचंय ते टाकीच्या आत बुडालेल्या, मुठीत मावेल एवढ्या विजेच्या पंपाबद्दल.

सुरुवातीला एक अनुभव सांगतो. माझ्या एका मित्राने गाडीची ताकद चांगली वाढवली. इंजिनावर बराच पैसा ओतला आणि पंप मात्र 'सेम टू सेम आहे' म्हणून स्वस्तात घेतला. खोकं अगदी अस्सल कंपनीसारखं होतं. दोन महिने गाडी छान पळाली. मग एका उन्हाळ्याच्या दुपारी, टाकी रिकामी होत आलेली असताना, लांबच्या चढावर पूर्ण थ्रॉटल दिला आणि एक पिस्टन वितळला. पंपात वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट खर्च इंजिन पुन्हा बांधण्यात गेला.

असं का होतं? टर्बो इंजिनात पूर्ण भारावर पेट्रोल कमी पडलं की मिश्रण 'लीन' होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. ज्वलनकक्षातलं तापमान वाढतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टन काही सेकंदांत जाऊ शकतो. पंप साफ बंद पडला तर गाडी नुसती थांबते. जो पंप अर्धवट चालतो, तो इंजिन घेऊन जातो. म्हणून विश्वासार्हता आधी, लिटरचा आकडा नंतर.

आता हिशेब करू. वही-पेन असेल तर घ्या. टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण भारावर एका अश्वशक्तीमागे तासाला ढोबळमानाने २७० ग्रॅम इंधन लागतं. समजा ४०० अश्वशक्तीचं इंजिन आहे. ४०० गुणिले २७०, म्हणजे तासाला १०८ किलो. पेट्रोलचं एक लिटर साधारण ७४० ग्रॅम भरतं, म्हणजे सुमारे १४६ लिटर. आपल्याकडे आता ई-२० मिळतं. इथेनॉलला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं, त्यामुळे आणखी सात-आठ टक्के धरा. झाले १५७. त्यावर २० टक्के राखीव ठेवा, कारण पंप जुना होतो, फिल्टर तुंबतो, ऊन वाढतं. एकूण तासाला १९० लिटरच्या आसपास.

मग कुणी म्हणेल, २५५ लिटरचा पंप मिळतो, तो आणला की झालं! थांबा. हा २५५ आकडा कोणत्या दाबाला आणि किती व्होल्टला मोजलाय? पंपाचा दाब वाढला की प्रवाह घटतो. इंजेक्टरला साधारण ३ बार दाब हवा. टर्बोचा बूस्ट १.२ बार असेल, तर रेग्युलेटर तेवढा दाब वर चढवतो, आणि पंपाला ४.२ बारशी झुंजावं लागतं. म्हणून खोक्यावरचा आकडा वाचू नका. कंपनीने दिलेला प्रवाह आणि दाबाचा आलेख मागा. तुमच्या दाबाच्या रेषेवर १९० च्या वर आहे का ते बघा. आलेखच नाही, तर तो पंप घेऊ नका.

दुसरी गोष्ट, वीज. जुनी वायर बारीक असते, सॉकेट गंजलेलं असतं. समजा पंप १५ अँपिअर घेतो आणि वायरिंगमध्ये फक्त ०.१ ओहम रोध आहे. ओहमचा नियम लावा: १.५ व्होल्ट वाटेतच गेले. अल्टरनेटर १३.५ देतोय आणि पंपाला १२ मिळतायत. प्रवाह तिथेच घसरला. उपाय साधा आहे: बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज, स्वतंत्र रिले आणि चांगलं अर्थिंग. पण रिलेला हुकूम इंजिनाच्या कंट्रोलरकडूनच यायला हवा. अपघातात इंजिन थांबलं आणि पंप पेट्रोल ओततच राहिला, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट, थंडावा. टाकीतला पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड होतो. टाकी पाव भागाच्या खाली ठेवून जोरात चालवली, तर पंप तापतो, आणि वळणात पेट्रोल एका बाजूला गेलं की तो हवा ओढतो. टाकीत बॅफल किंवा भांडं असावं, आणि टाकी अर्धी भरलेली ठेवायची सवय लावा. टाकीतल्या नळ्यांचंही तसंच. साधी फ्युएल होज पेट्रोलमध्ये बुडवून ठेवली की फुगते आणि सुटते. बुडून राहण्यासाठी बनवलेल्या नळीवर ३०आर१० अशी खूण असते, तीच घ्या.

एका श्रोत्याचा प्रश्न आला आहे: 'मग सरळ सगळ्यांत मोठा पंप का घेऊ नये?' चांगला प्रश्न. खूप मोठा पंप आयडलवर नको तितकं पेट्रोल फिरवतो. परतीची नळी बारीक असेल तर रेग्युलेटर हरतो आणि दाब वाढून बसतो. फिरणारं पेट्रोल तापतं, आवाज वाढतो, अँपिअरही जास्त जातात. गरज अधिक राखीव, एवढंच माप घ्या.

आणि डायरेक्ट इंजेक्शनची गाडी असेल, तर टाकीतला पंप फक्त पहिला टप्पा असतो. पुढे कॅमशाफ्टवरचा उच्चदाबाचा पंप शंभर-दोनशे बार आणि त्याहून जास्त दाब तयार करतो. कमतरता तिथे असेल, तर टाकीतला पंप बदलून काही साधणार नाही.

शेवटी पडताळणी. पंप बसवल्यावर डायनोवर, पूर्ण भाराखाली, रेलचा दाब आणि बूस्ट दोन्ही एकत्र लॉग करा. एकातून दुसरा वजा करा. आपल्या उदाहरणात ही वजाबाकी शेवटच्या आरपीएमपर्यंत ३ बारवर स्थिर राहिली पाहिजे. वरच्या आरपीएमला ती खाली झुकली, तर थ्रॉटल सोडा आणि कारण शोधा. ही चाचणी रस्त्यावर करू नका.

माझ्या मित्राने ही वजाबाकी एकदा केली असती, तर दुपारच्या त्या चढाआधीच त्याला कळलं असतं. पंप अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, बिल जपून ठेवा, आणि बसवताना जाळीचा फिल्टर नवा घाला. पुढच्या वेळी इंजेक्टरचं माप कसं काढायचं ते पाहू.