क्लच प्लेटपर्यंतची वाट

क्लच बदलायचा म्हणजे तीनच वस्तू बदलायच्या: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. आमच्या जुन्या मारुती ८०० चा हा अख्खा संच मी परभणीहून एका पिशवीत घेऊन आलो. बायकोने पिशवीत डोकावून विचारलं, "एवढ्यासाठी गाडी दोन दिवस बंद?" प्रश्न रास्त होता. या वस्तू बसवायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो तिथवर पोचण्यात.

इंजिनाला जोडलेलं फ्लायव्हील नावाचं जड चाक सतत फिरत असतं. त्याला खेटून क्लच प्लेट असते आणि तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचं अस्तर. प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोरावर तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते, म्हणून इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत जाते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग स्प्रिंग ढकलतं आणि पकड सुटते. आमचं गंगाखेड संत जनाबाईचं गाव, तेव्हा दाखला जात्याचाच देतो. जात्याचा वरचा दगड खालच्यावर घासत फिरतो म्हणून पीठ पडतं. क्लच घसरत राहिला तर पीठ पडतं ते अस्तराचं. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे हाफ क्लचवर सरकणारे आम्ही सगळे हेच दळण दळतो.

क्लच गेला हे कसं ओळखायचं? चढावर इंजिन ओरडतं, पण गाडी वेग घेत नाही आणि जळका वास येतो. तरी आधी केबल तपासावी. पेडलला वरच्या बाजूला थोडा मोकळा प्ले हवा. केबल ताणलेली असली तर चांगली प्लेटही घसरते, आणि ते दुखणं नट फिरवून बरं होतं. पेडल दाबल्यावरच खरखर येत असेल, तर संशय बेअरिंगवर घ्यावा.

मारुती ८०० मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे आडवे, आणि ताकद पुढच्याच चाकांना. त्यामुळे बॅटरीची वायर सोडून गिअर ऑइल काढलं, की दोन्ही अ‍ॅक्सल, स्टार्टर, क्लच आणि स्पीडोमीटरची केबल, गिअरची दांडी असं एकेक सोडवत जावं लागतं. गाडी घोड्यांवरच, म्हणजे जॅक स्टँडवरच ठेवायची. जॅक उचलण्यापुरता; नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरू नये. गिअरबॉक्स सुटला की इंजिन एका बाजूला लोंबतं, म्हणून त्याखाली लाकडी फळी देऊन दुसरा जॅक लावला.

जुनी प्लेट हातात आली तेव्हा अस्तर रिबिटांपर्यंत झिजलेलं होतं. आतली काळी धूळ फुंकरीने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पूर्वीच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. प्लेटची कुठली बाजू कुणीकडे होती, याचा फोटो मदतीला असलेल्या पुतण्याने काढून ठेवला. नवी प्लेट डमी शाफ्ट घालून बरोबर मधोमध धरली आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. नव्या अस्तराला ग्रीसचा हातही लागू द्यायचा नाही.

खरी कसोटी गिअरबॉक्स चढवताना. त्याच्या शाफ्टचे दात प्लेटच्या दातांत बसायला हवेत, आणि त्याचं वजन शाफ्टवर लोंबकळलं तर नवी प्लेट वाकते. आम्ही दोघं घामाघूम झालो, तेव्हा शेजारचे मिस्त्री डोकावले. ट्रॅक्टरचा क्लच बदलायला अख्खा ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग करणारा हा माणूस. म्हणाले, "सर, जोर नका लावू. पुलीला पाना लावून इंजिन जरासं फिरवा." पुतण्याने पाव फेरा दिला आणि गिअरबॉक्स आपसूक आत सरकला.

हे घरी करावं का? सपाट काँक्रीटची जागा, मजबूत घोड्या, गोटी पान्यांचा संच आणि जोडीला दुसरा माणूस असेल तर जरूर. नसेल तर गॅरेजला द्या, पण गिअरबॉक्स खाली असतानाच तिथे जाऊन उभे राहा. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे आहेत का, ऑइल सील पाझरतंय का, हे तेव्हाच दिसतं. तेल लागलेली नवी प्लेटही घसरतेच, आणि मग किरकोळ किमतीच्या सीलपायी सगळी मजुरी पुन्हा मोजावी लागते.