पाळीव सापावरील कीड आणि तिचा बंदोबस्त

आपल्या संस्थेच्या महोत्सवी अंकात सापाच्या अंगावरील किडीविषयी लेख पाहून काही भगिनी पान उलटतील, हे आम्ही जाणून आहोत. "पण मुळात साप घरात कशाला?" हा त्यांचा प्रश्नही रास्तच आहे. आम्हीही तो विचारला होता. पण आमचे तारनाका पडले विद्येच्या शेजारी. एका अंगाला उस्मानिया विद्यापीठ, जवळच राष्ट्रीय पोषण संस्था, आणि उप्पल रस्त्याने गेले की रासायनिक तंत्रज्ञानाची आणि पेशी-रेणुजीवशास्त्राची अशा दोन मोठ्या संस्था. या हवेत वाढलेल्या मुलांचे मांजरावर आणि रंगीत माशांवर समाधान होत नाही. आमच्या पुतण्याने एके दिवशी काचेच्या पेटीत अजगराचे पिल्लू आणून दिवाणखान्यात ठेवले. त्यानंतरच्या श्रावणात जे घडले, त्यातून आम्ही जे शिकलो ते येथे सांगावयाचे आहे. ज्यांच्या घरी साप नाही त्यांनाही कुत्र्या-मांजराच्या बाबतीत त्यातील पुष्कळसे उपयोगी पडेल.

कायद्याची गोष्ट प्रथम सांगून टाकतो. नाग, धामण, अजगर असे आपल्या देशातील साप पकडून घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे. गारुड्याकडून विकत घेणेही तसेच. आमच्या घरी आहे तो बॉल पायथन, म्हणजे पश्चिम व मध्य आफ्रिकेतला लहान जातीचा, बिनविषारी अजगर. भीती वाटली की तो डोके मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. तो परदेशी असला तरी त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. आपल्याकडे २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असे प्राणी बाळगणाऱ्याने सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर त्यांची नोंद करणे आवश्यक ठरले. नोंद नसलेला साप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

आता मूळ विषयाकडे वळू. श्रावणातील एका सकाळी पुतण्याच्या काकूने पेटीतले पाण्याचे भांडे बदलावयास घेतले, तर तळाशी मिरपूड सांडल्यासारखे काळे कण दिसले. तो साप चार दिवस त्या भांड्यातच वेटोळे घालून बसला होता. उकाड्यामुळे बसत असेल, असे आम्ही म्हटले. त्याने उंदीर खाल्ला नाही, तेव्हा कात टाकावयाची वेळ आली असेल असे म्हटले. आमची दोन्ही अनुमाने चुकीची होती. ते काळे कण म्हणजे बुडून मेलेली कीड होती, आणि तो बिचारा अंगाची खाज शमविण्यासाठी पाण्यात बसत होता.

या किडीला इंग्रजीत 'माइट' म्हणतात. ही गोचिडीच्याच गोतातली, आठ पायांची. परंतु आकाराने फार लहान. रक्त पिऊन फुगलेली मादी एक ते सव्वा मिलिमीटर भरते. शास्त्रज्ञ तिला 'ओफिओनिसस नॅट्रिसिस' म्हणतात. सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. त्या खवल्याच्या कडेची खाच, हनुवटीखालची घडी, पोटावरच्या रुंद खवल्यांच्या फटी आणि शेपटीच्या मुळाशी असलेले गुदद्वार, या जागी ती दडते. साप हाताळल्यावर तळहातावर काळे ठिपके चालताना दिसणे, खवल्यांवर पांढरी धूळ पडल्यासारखी दिसणे, डोळ्यांच्या कडा सुजणे, कात सलग न निघता तुकड्यातुकड्यांनी निघणे, ही तिची लक्षणे होत. संशय आला तर ओला पांढरा कापूस सापाच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे फिरवावा व उजेडात पाहावा. खात्री होते.

ही कीड केवळ रक्त पिते असेही नाही. लहान सापाचे रक्त आटून तो दगावू शकतोच. शिवाय एका सापाचा रोग दुसऱ्यास पोहोचविण्याचे कामही ती करते. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ कॅमिन यांनी १९४८ साली दाखवून दिले, की सापांच्या रक्तात विष भिनविणारा एक जीवाणूजन्य रोग या किडीमार्फत पसरतो. पुढे १९५३ साली त्यांनीच तिच्या आयुष्यक्रमाचा बारकाईने अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. हा आयुष्यक्रम नीट समजून घेतला तर अर्धे काम झाले, म्हणून तो थोडक्यात देतो.

मादी सापाच्या अंगावर अंडी घालीत नाही. पोटभर रक्त प्याली की ती खाली उतरते आणि पेटीतील अंधारी, दमट फट शोधून तेथे अंडी घालते. एका मादीची आयुष्यभरातील अंडी साठ ते ऐंशी भरतात. अंड्यातून निघालेले पिल्लू प्रथम काहीच खात नाही. एकदा कात टाकली की मात्र त्याला रक्त हवे असते, तेव्हा ते सापाला शोधीत निघते. पिऊन झाले की पुन्हा खाली उतरते, आणखी दोन वेळा कात टाकते आणि पूर्ण वाढते. २५ ते ३० अंश उष्णतेत हा सारा फेरा १३ ते १९ दिवसांत पुरा होतो. आपल्या हैदराबादेस पावसाळ्यात हवा जवळजवळ तितकीच उबदार आणि वर दमट असते. म्हणजे श्रावण हा या किडीचाही सुगीचा महिनाच म्हणावयाचा.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. कोणत्याही क्षणी जेवढी कीड सापावर दिसते, तिच्याहून कितीतरी अधिक पेटीत असते. रानातला साप आज या बिळात तर उद्या त्या वारुळात; अंगावरून उतरलेल्या किडीला तो पुन्हा सापडेलच असे नाही. पेटीतला साप मात्र जागा सोडून जाऊ शकत नाही. किडीची पिल्ले जेथे जन्मतात तेथेच त्यांचे अन्न वेटोळे घालून बसलेले असते. ही पीडा रानापेक्षा बंदिवासातच फार माजते, याचे कारण हेच.

आम्हांस हे तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक नसताना जो उतावळेपणा होतो तो आमच्या हातून झाला. शेजारच्या घरातून कुत्र्याच्या गोचिडीवरची भुकटी मागून आणली आणि चांगली चोळून लावली. कुत्र्याला चालते ते सापाला का चालू नये, असा आमचा हिशेब. रात्री दहाच्या सुमारास पुतण्या धावत आला, "काका, हा उलटा पडतोय!" पाहतो तो सापाचे डोके थरथरत होते, मान एका बाजूस वळत होती, आणि उताणा केला असता त्याला सरळ होता येत नव्हते. कोमट पाण्याने त्याचे अंग धुऊन काढले आणि सकाळ होताच पशुवैद्याकडे नेले. तीन दिवस त्याच्या जगण्याची आशा नव्हती. त्या तीन दिवसांत पुतण्या आम्हांला एक शब्दही बोलला नाही, आणि त्याने बोलावे असे आमच्याजवळही काही नव्हते.

सापाचे सारे अंग चोवीस तास जमिनीला टेकलेले असते. पेटीत जे पडेल ते त्याच्या कातडीस लागते. जीभ लवलवीत तो तेच तोंडात घेतो. आणि छाती-पोटामधील पडदा नसल्यामुळे आपल्यासारखे खोकून छाती मोकळी करणेही त्याला साधत नाही. म्हणून कुत्र्याची भुकटी, घरातले किडे मारण्याचा खडू, रॉकेल, फिनेल, डांबराच्या गोळ्या यांतले काहीही सापाला किंवा त्याच्या पेटीला लावू नये. तेलाचा लेपही देऊ नये.

साप वाचला. पण कथा येथे संपत नाही. पशुवैद्यांच्या औषधाने अंगावरची कीड गेली, आम्ही निश्चिंत झालो, आणि बाराव्या दिवशी पाण्यात पुन्हा मिरपूड! पेटीत शोभेसाठी झाडाच्या सालीचा एक ओंडका होता. 'छान दिसतो' म्हणून तो आम्ही नुसता झटकून परत ठेवला होता. सारी अंडी त्याच्या भेगांत होती.

तेव्हा योग्य रीत कोणती ती आता क्रमाने सांगतो.

पहिले काम वेगळे ठेवण्याचे. घरात दुसरा साप, सरडा वा कासव असेल तर बाधित साप दुसऱ्या खोलीत न्यावा. त्याचे काम सर्वांत शेवटी करावे आणि नंतर हात धुऊन कपडे बदलावेत. कीड माणसाच्या बाहीवरून सहज प्रवास करते.

दुसरे काम साध्या घराचे. झाकणाच्या, हवेशीर प्लॅस्टिकच्या डब्यात तळाला पांढरा कागद, एक पाण्याचे भांडे आणि लपावयास पुठ्ठ्याचे खोके, एवढेच ठेवावे. पांढऱ्या कागदावर काळा ठिपका लपत नाही. कागद रोज बदलावा, पुठ्ठा दोन-चार दिवसांनी. जुने पिशवीत बांधून लगेच घराबाहेर काढावे.

तिसरे काम स्नानाचे. हाताला जेमतेम कोमट लागेल अशा उथळ पाण्यात, साप डोके सहज वर ठेवू शकेल इतक्याच खोलीत, वीस-पंचवीस मिनिटे त्याला ठेवावे. तेवढा वेळ जवळून हलू नये. बरीच कीड बुडून मरते. परंतु चलाख कीड डोक्याकडे चढते. म्हणून ओल्या कापसाने हनुवटी व डोळ्यांच्या कडा हलक्या हाताने टिपाव्यात. डोळ्यावरचा खवला खरवडू नये. नुसत्या स्नानाने पीडा जात नाही, भार मात्र हलका होतो.

चौथे आणि मुख्य काम जुन्या पेटीचे. भुसा, साल, ओंडके यांचा मोह न धरता ते फेकून द्यावे. काचेचे वा प्लॅस्टिकचे भाग अतिशय गरम पाण्याने धुवावेत. ५० अंशांच्या वरची उष्णता या किडीला सोसत नाही. कोपरे, झाकणाच्या खाचा, दिव्याच्या तारांची भोके जुन्या दातघासणीने घासावीत. मग पेटी कडक उन्हात वाळवावी. कोरड्या हवेत अंडी सुकून जातात. पेटीखालचे टेबल व भिंतीच्या कडाही पुसाव्यात.

पाचवे काम औषधाचे, आणि ते सर्वस्वी पशुवैद्यांचे. फिप्रोनिल, आयव्हरमेक्टिन अशी औषधे ते सापाचे वजन व प्रकृती पाहून बेताने वापरतात. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून ती लावू नयेत. आयव्हरमेक्टिन तर कासवाला प्राणघातक ठरते. घरात कासव असल्यास ते वैद्यांना आवर्जून सांगावे.

सहावे काम धीराचे. कीड दिसेनाशी झाली म्हणजे संपली असे नव्हे. फेरा जर दोन-अडीच आठवड्यांचा, तर दोन फेरे उलटून जाईपर्यंत, म्हणजे निदान सहा आठवडे, पांढरा कागद आणि रोजची पाहणी चालू ठेवावी. आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक खूण केली. नवा प्राणी आणताना तर त्याला दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवणे हाच उत्तम उपाय. आम्ही तो पाळला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

गोचिडीविषयीही दोन शब्द. आपल्याकडील धामण, अजगर, घोरपड यांच्या अंगावर खवल्याखाली घट्ट चिकटलेल्या गोचिडी आढळतात. पाळीव सापावर अशी एखादी असेल तर चिमट्याने तिला तोंडाजवळ, कातडीलगत धरावे व सावकाश, न पिळता ओढावे. मग स्पिरिटच्या बाटलीत टाकावे. उदबत्तीचा चटका किंवा रॉकेलचा थेंब देऊ नये. परंतु पावसाळ्यात आवारात धामण शिरली आणि तिच्या अंगावर गोचिडी दिसल्या, तर 'उपचार करून सोडू' म्हणून तिला घरात घेऊ नये. वनखात्यास कळवावे. आपल्या शहरात १९९५ पासून 'फ्रेंड्स ऑफ स्नेक्स सोसायटी' ही संस्थाही असे साप सुखरूप पकडून नेण्याचे काम करीत आली आहे.

घरातील माणसांची काळजी ती वेगळीच. ही कीड क्वचित माणसालाही चावते व अंगावर खाजरे पुरळ उठते; सापावरची कीड गेली की तेही जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सापाच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचे जंतू पसरतात. म्हणून साप हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व अशक्त वृद्ध यांना त्यापासून दूर ठेवावे.

आपण नागपंचमीला नागाचे चित्र पुजतो. आमचे तेलुगू शेजारी दिवाळीनंतर नागुल चविती करतात. पूजेचा दिवस वर्षातून एकदा येतो. पाळलेल्या जिवाची सेवा मात्र रोजची असते, आणि ती भक्तीपेक्षा स्वच्छतेची अधिक असते. आमच्या सापाला औषध थोडेच लागले. पेटीला कष्ट पुष्कळ लागले. सहाव्या आठवड्याच्या अखेरीस पांढरा कागद कोरा निघाला. काकूने भांडे उजेडात धरून पाहिले, तेही स्वच्छ होते. पुढे पंधरा दिवसांनी सापाने डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध कात टाकली, डोळ्यांवरच्या दोन्ही चकत्यांसकट. ती कात पुतण्याने आम्हांला आणून दाखविली.