शल्यकर्मातील दिग्दर्शक

वरच्या जबड्याचा कर्करोग जेव्हा डोळ्याच्या खोबणीशी अथवा कवटीच्या तळाशी जाऊन भिडतो, तेव्हा जेथे नजर नीट पोहोचत नाही, रक्तस्रावाने ओळखीच्या खुणा पुसल्या जातात आणि मस्तकाला रक्त पुरविणारी मुख्य रोहिणी जवळच असते, अशा अरुंद मुलखात शल्यविशारदाला हाड छेदावे लागते. प्रतिमाधारित मार्गनिर्देशनाचे खरे मोल तेथेच. पूर्वीच घेतलेल्या सीटी स्कॅनवर गाठीची हद्द आखलेली असते. शस्त्रक्रियेच्या आरंभी रुग्णाच्या नाकाचे मूळ, डोळ्यांचे कोपरे, दात अशा ठिकाणांना दर्शकसळईने स्पर्श करून प्रतिमेची व प्रत्यक्ष चेहऱ्याची रुजुवात घालतात. त्यानंतर सळईवरील परावर्तक गोळ्या अवरक्त कॅमेरा टिपत राहतो आणि तिचे टोक टेकेल तो बिंदू पडद्यावर तत्काळ उमटतो. चूक बहुधा १ ते २ मिलिमीटर.

जर्मनीतील आखेन येथे श्लोंडोर्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात, यांत्रिक भुजेच्या साहाय्याने, ही विद्या कान-नाक-घशाच्या शल्यकर्मात आणली.

अचल हाडांत ही यंत्रणा विश्वासार्ह. जीभ, गाल किंवा हलणारा खालचा जबडा यांत मात्र जुनी प्रतिमा लवकरच फसवी ठरते. शिवाय कापलेल्या कडेत रोगपेशी उरल्या काय, याचा निवाडा विकृतिशास्त्रज्ञाच्या सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. म्हणून प्रत्येक नमुन्याची जागा सळईने स्कॅनवर नोंदविण्याची पद्धत मला विशेष मोलाची वाटते, कारण पुन्हा छेद घेण्याची किंवा किरणोपचाराची वेळ आली तर नेमके स्थळ दप्तरी असते.