जुन्या मोटारीचा लोखंडी जोड : पोलाद स्वस्त, हुनर महाग

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. बक्रम नसेल तर कॉलर उभी राहत नाही, हे आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही. पण मोटारीलाही बक्रम लावावे लागते, हे मात्र आम्ही वयाच्या पन्नाशीत, तेही परमुलखात पाहिले.

२०१९ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात आमच्या भाच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. भाचा वेल्डर आहे. जुन्या स्पोर्ट मोटारी जतन करण्याचा त्या मुलखात मोठा शौक आहे आणि त्या शौकावर अनेक लहान कारागिरांची घरे चालतात. तेथे पाहिलेल्या एका लहानशा कामाची हकीकत आज आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत. काम लहान आहे, पण त्यातला धडा कोणत्याही धंद्याला लागू पडतो.

मोटारीत उणीव कोणती?

आपल्याकडचा ट्रक पाहा. खाली शिडीसारखी जाड लोखंडी चासी आणि तिच्यावर बॉडी. बॉडी उतरवली तरी चासी चाकांवर उभी राहते. ॲम्बॅसडर किंवा पद्मिनी तशी नव्हती. पत्र्याचा तळ, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि टप हे सर्व एकमेकांना जोडून तिचा सांगाडा तयार होत असे. अशी रचना हलकी असते आणि स्वस्तही पडते.

फोर्ड कंपनीने १७ एप्रिल १९६४ रोजी बाजारात आणलेली मस्टँग याच जातीची. किंमत २,३६८ डॉलरपासून सुरू होत होती. भाव कमी ठेवण्यासाठी कंपनीने आपल्याच फाल्कन या साध्या घरगुती मोटारीचे बरेच भाग तिच्यात वापरले. पहिल्या वर्षातच चार लाखांहून अधिक मोटारी खपल्या. व्यापारी म्हणून आम्ही या हिशेबाला दाद देतो.

पण खाली वाकून पाहिले की उणीव दिसते. इंजिन पेलणारे पुढचे दोन पोलादी दांडे पुढच्या सीटखाली येऊन संपतात. मागचे पाटे धरणारे दांडे पुढे बऱ्याच अंतरावर सुरू होतात. मधल्या जागेत फक्त पत्र्याचा तळ आणि दारांखालच्या पट्ट्या. १९६७ च्या शेवरले कॅमॅरोत तर पुढची चौकट वेगळीच असून ती रबरी बुशांवर बोल्टने बसवलेली असते.

कापडवाल्यांना ही गोष्ट चटकन कळेल. कापडाचा चौकोन ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने ओढला तर फारसा वाढत नाही. समोरासमोरचे कोपरे धरून उरेब ओढला की लगेच वाकडा होतो. मोटारीचे एक चाक खड्ड्यात गेले की तिच्या तळाला असाच उरेब ताण बसतो आणि सांगाडा पिळला जातो.

त्या काळी हे चालून गेले. मस्टँगचे सुरुवातीचे लहान इंजिन १०१ अश्वशक्तीचे होते, टायर अरुंद आणि स्प्रिंगा मऊ होत्या. पुढे इंजिने वाढली. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० चे इंजिन ३०६ अश्वशक्तीचे होते. आज शौकीन लोक त्याच जुन्या सांगाड्याला रुंद रेडियल टायर आणि कडक स्प्रिंगा लावतात. त्यात पन्नास-साठ वर्षांचा गंज. मग दारे खडखडतात, टपाच्या खांबाजवळ रंगाला चिरा पडतात आणि वळणावर गाडी हुकमात राहत नाही.

कंपन्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. ज्या मस्टँगचा टप उघडत असे, तिच्या तळाला जादा पोलाद दिले जाई. उघड्या टपाच्या कॅमॅरोच्या कोपऱ्यांत थरथर मारण्यासाठी वजनाचे डबे बसवत. त्याने थरथर कमी होई, सांगाडा मात्र तसाच राही.

जोड म्हणजे काय?

पुढच्या दांड्याचे टोक आणि मागच्या दांड्याचे टोक एका चौकोनी पाइपाने जोडायचे. एक डावीकडे, एक उजवीकडे. यालाच तेथे सबफ्रेम कनेक्टर म्हणतात. दोन इंची चौकोनी पाइप, पाव इंचाच्या निम्म्या जाडीचा घेतला तर त्याचे वजन फुटाला सुमारे १.४ किलो भरते. दोन्ही बाजू मिळून आठ फूट धरले तरी अकरा किलोच्या आसपास पोलाद लागते.

पाइपच का, पट्टी का नाही? कागदाची सुरळी करून हाताने पिळून पाहा. कड मोकळी असेल तर सुरळी सहज पिळते. तीच कड डिंकाने चिकटवली की पिळणे कठीण जाते. बंद पाइपाची ताकद ती हीच.

मात्र हा जोड म्हणजे जादू नव्हे. नुसती टोके जोडल्याने गाडीचे वाकणे कमी होते. पिळाविरुद्ध चांगला फायदा हवा असेल तर पाइप वाटेत तळाच्या पत्र्यालाही बांधावा लागतो आणि शक्य तेथे दाराखालच्या पट्टीलाही. बोल्टने बसणारे जोडही मिळतात. पण बोल्टच्या भोकात थोडी जरी ढिलाई आली तरी मजबुती घटते. म्हणून जाणकार वेल्डिंगच पसंत करतात.

घाईची किंमत

भाचा पूर्वी एका वर्कशॉपमध्ये नोकरीला होता, तेव्हाची गोष्ट त्याने आम्हाला सांगितली. उघड्या टपाची १९६६ ची मस्टँग आली होती. काम घाईचे होते. गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर मधोमध उचलली आणि तशीच लटकत असताना जोड वेल्ड केले. पुढून इंजिनाच्या वजनाने आणि मागून डिकीच्या वजनाने सांगाड्याला बाक आला होता. तो बाक वेल्डिंगने पक्का झाला. गाडी खाली उतरवली तर ड्रायव्हरकडचे दार बसेना.

वर्कशॉपचा मालक म्हणाला, बिजागरी सरकवून दार बसवा आणि गाडी देऊन टाका. भाचा आम्हाला म्हणाला, “मामू, दार बसलं असतं, पण गाडी वाकडीच राहिली असती. आणि वेल्ड माझ्या हातचं होतं.”

त्याने गिऱ्हाईकाला बोलावून झाला प्रकार सांगितला. गिऱ्हाईक रागावला, पण गाडी तेथेच ठेवून गेला. सर्व वेल्ड कापले, गाडी चाकांवर घेतली आणि काम पुन्हा केले. त्या जादा दोन दिवसांची मजुरी भाच्याला मिळाली नाही. सुरकुतलेल्या कापडावर बक्रम शिवले की सुरकुती कायमची होते. आमच्या धंद्यातला हा नियम त्याला लोखंडात, पदरचे पैसे घालून शिकावा लागला.

कामाची रीत

आता तो स्वतःचे काम करतो. आम्ही त्याची रीत पाहिली, ती अशी.

पहिल्यांदा गंज. दांड्याला हातोडीने ठोकून पाहायचे. पत्रा सडलेला असेल तर आधी तो बदलायचा. सडक्या पत्र्यावरचा जोड पत्र्यासकट सुटून येतो.

मग माप. दोन्ही दारांच्या फटी वर, मध्ये आणि खाली मोजून कागदी चिकटपट्टीवर लिहायच्या. गाडीचे वजन चाकांवर किंवा चाकांजवळ आले पाहिजे, मधोमध नाही. भाच्याकडे चारही चाके चढवायच्या मजबूत घोड्या आहेत.

त्यानंतर आगीची काळजी. बॅटरीची तार काढायची, सीट व गालिचा बाहेर घ्यायचा, तळाखालून जाणाऱ्या पेट्रोलच्या व ब्रेकच्या नळ्या बाजूला करायच्या, तळाचे डांबरी लेपण खरवडायचे. एक माणूस आग विझवण्याचा सिलिंडर घेऊन जवळ उभा पाहिजे. जस्ताचा मुलामा असेल तर वेल्डिंगच्या जागेवरून तो घासून काढायचा, कारण त्याचा धूर छातीला घातक असतो.

वेल्डिंग सलग करायचे नाही. एक इंच येथे, एक इंच दुसऱ्या टोकाला, मग दुसऱ्या बाजूला. सलग उष्णतेने पत्रा ओढला जातो. प्रत्येक फेरीनंतर दाराची फट पुन्हा मोजायची. शेवटी प्रायमर आणि रंग, पाइपाच्या आत गंजरोधक मेण.

व्यापाऱ्याने काय घ्यावे?

एक, मोठ्या कंपनीने स्वस्ताईसाठी सोडलेली जागा लहान कारागिराची कमाई ठरते. असे सुटे भाग बनवणाऱ्यांनी अमेरिकेत १९६३ साली सेमा ही आपली संघटना उभी केली. १९७७ पासून तिचे प्रदर्शन लास वेगास शहरात भरते.

दोन, माल स्वस्त आणि हुनर महाग. भाच्याच्या बिलात पाइपापेक्षा मजुरीचा आकडा मोठा असतो आणि तो मोठा का, हे तो गिऱ्हाईकाला आधीच समजावतो.

तीन, नुकसानही आधी सांगावे. मूळ स्थितीतली दुर्मिळ मोटार वेल्ड केली तर संग्राहकांच्या बाजारात तिचा भाव उतरू शकतो. अशा गिऱ्हाईकाला भाचा बोल्टचा जोड सुचवतो किंवा हात न लावण्याचा सल्ला देतो. त्या दिवशीचे काम जाते, माणूस राहतो.

आपल्याकडील डेंटिंग-वेल्डिंगच्या बांधवांना एक सूचना. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीतील फेरबदलावर बंधन आहे. सांगाड्याला हात घालण्यापूर्वी आर.टी.ओ. कचेरीत विचारून घ्यावे.

निघताना आम्ही भाच्याची एक गाडी खालून पाहिली. जोडावर काळा रंग चढला होता, वेल्ड कोठे आहे ते कळतही नव्हते. गिऱ्हाईक आला, दार उघडले आणि दोन बोटांनी लोटले. दार बसले. त्याने बिल चुकते केले आणि तो गेला. गाडीखाली वाकून त्याने पाहिले नाही.