अग्नीचे छायाचित्रण : ज्वाला, धूर आणि पुरावा

प्रस्तावना

छायाचित्रणात सामान्यतः विषय एक असतो आणि त्यावर पडणारा प्रकाश दुसरा. अग्नीच्या बाबतीत हा भेद उरत नाही. अग्नी हाच विषय आणि तोच प्रकाशाचा उगम असतो. म्हणून गोंधळातील दिवटी असो वा इमारतीची आग, छायाचित्रकारापुढे एकच प्रश्न उभा राहतो : ज्वाला टिपावी की तिच्याभोवतीचे वास्तव? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे तांत्रिक स्वरूप आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील आगींच्या संदर्भात त्याचे सामाजिक महत्त्व स्पष्ट केले आहे.

ज्वालेचे स्वरूप

तेलाच्या वा लाकडाच्या ज्वालेचा पिवळा-नारिंगी रंग तीतील तापलेल्या काजळीच्या सूक्ष्म कणांमुळे दिसतो. मेणबत्तीच्या ज्योतीचे रंगतापमान सुमारे १९०० केल्विन, तर दुपारच्या उन्हाचे सुमारे ५५०० केल्विन असते. कॅमेऱ्याची स्वयंचलित रंगसंतुलन व्यवस्था ही नारिंगी छटा दोष मानून कमी करू पाहते. त्यामुळे ती दिवसाच्या उजेडावर स्थिर ठेवणे इष्ट ठरते. शिवाय ज्वालेत लाल प्रकाश अधिक असल्याने एक्स्पोजर थोडे जास्त होताच प्रथम लाल रंगातील तपशील नष्ट होतो आणि ज्वालेच्या जागी केवळ फिकट डाग उरतो.

सादरीकरणातील अग्नी

मराठवाड्यात परिचित असलेल्या गोंधळात संबळ आणि तुणतुण्याबरोबर दिवटीलाही मानाचे स्थान आहे. ज्वालेनुसार एक्स्पोजर ठेवल्यास गोंधळ्याचा चेहरा काळोखात जातो आणि चेहऱ्यानुसार ठेवल्यास ज्वाला फिकट होते. लहान ज्वालेचा प्रकाश अंतर वाढताच झपाट्याने कमी होतो. म्हणून दिवटी चेहऱ्याजवळ येण्याचा क्षण साधणे हाच उत्तम उपाय होय. १/५०० सेकंदासारख्या शटरवेगाने ज्वालेच्या जिभा स्थिर दिसतात, तर १/१५ सेकंदाने फिरत्या दिवटीची प्रकाशरेषा उमटते. फ्लॅश वापरल्यास दिवटीचा स्वतःचा प्रकाशच निष्प्रभ होतो.

इमारतीची आग

सादरीकरणात ज्वालेला दिलेले प्राधान्य हा सौंदर्याचा निर्णय असतो. आगीच्या दुर्घटनेत मात्र तोच निर्णय दिशाभूल करू शकतो. ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे छावणी भागातील कपड्यांच्या दुकानाला आग लागून वरच्या मजल्यावर झोपलेले एकाच कुटुंबातील ७ जण दगावले. प्राथमिक माहितीनुसार ज्वाला त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. मृत्यू धुराने गुदमरून झाले. त्यापूर्वी ३१ डिसेंबर २०२३ रोजी वाळूज येथील हातमोज्यांच्या कारखान्यात लागलेल्या आगीत ६ जणांचा बळी गेला. तीही वेळ मध्यरात्रीनंतरचीच होती.

रात्री ज्वालेनुसार एक्स्पोजर ठेवल्यास काळा धूर काळ्या आकाशात विरून जातो. याउलट २९ ऑक्टोबर २०१६ रोजी जिल्हा परिषद मैदानावरील फटाका बाजारास दिवसा आग लागली, तेव्हा उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर धुराचे लोट स्पष्ट दिसत होते. म्हणजेच ज्या वेळी माणसे झोपेत असतात आणि धूर सर्वाधिक घातक ठरतो, त्याच वेळी तो छायाचित्रातून निसटण्याचा संभव अधिक असतो. अशा चित्रांवर पोसलेली लोकदृष्टी ज्वालेला भिते. मात्र धुराने भरणाऱ्या एकमेव जिन्याकडे तिचे दुर्लक्ष होते.

उपाय सोपे आहेत. एकाच दृश्याची कमी-अधिक एक्स्पोजरची दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत. चौकटीत खिडक्या, जिना आणि रस्त्याची रुंदी येईल असे पाहावे. धुरात फ्लॅश टाळावा. जवळच्या कणांवरून परतणारा प्रकाश पांढरा पडदा निर्माण करतो. अग्निशमन दलाने आखलेल्या मर्यादेबाहेर आणि वारा पाठीशी राहील असे उभे राहावे. मूळ फाइल वेळेच्या नोंदीसह जशीच्या तशी जपावी. तपासात तिचा उपयोग होऊ शकतो. मृतांचे आणि शोकाकुल आप्तांचे चेहरे टिपल्याने आगीचे कारण उलगडत नाही, याचेही भान असावे.

समारोप

महाविद्यालयीन छायाचित्रण व पत्रकारिता अभ्यासक्रमांत ज्वालेचे एक्स्पोजर शिकविले जाते. त्याच्या जोडीला धुराचे एक्स्पोजरही शिकविले जावे. दिवटीचे छायाचित्र ज्वालेमुळे सुंदर होते. आगीचे छायाचित्र मात्र लोक कशाने दगावले हे दाखविले तरच उपयुक्त ठरते.